‘कोणी आलं का?’ आणि ‘कोणी आहे का?’ : घरासाठी सेन्सर निवडताना

अमरावतीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देतो :

‘वर-खाली मिळून चार खोल्यांचं आमचं घर आहे. मी निवृत्त शिक्षिका. यजमानांना मधुमेह आहे आणि सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. त्या रात्री दोन-तीनदा उठतात आणि भिंत चाचपत बाथरूमपर्यंत जातात. श्रावणात उंबऱ्याला अडखळून पडल्या, नशिबाने हाड मोडलं नाही. तेव्हापासून पुण्यातला मुलगा घरभर मोशन सेन्सर बसवायच्या मागे आहे. आतापर्यंत तीन बसवले. जिन्यातला मे महिन्यात बंद पडला म्हणून काढून ठेवला. दिवाळीत सहज लावून पाहिला तर चालू! बाथरूममधला दिवा माणूस आत बसलेला असतानाच विझतो. गॅलरीतला सेन्सरवाला बल्ब रस्त्याने ट्रक गेला तरी लागतो, पाऊस आला तरी लागतो. आता मुलगा म्हणतो, कॅमेराच लावू. सासूबाईंना तो अजिबात नको. मुलाचा मित्र फेब्रुवारीत अमेरिकेहून येतोय. तिकडून चांगला सेट मागवावा का? नेमके कोणते सेन्सर घ्यावेत?’

ताई, सप्रेम नमस्कार.

सासूबाईंचं हाड शाबूत राहिलं हे वाचून जीव भांड्यात पडला. पलंगापासून बाथरूमपर्यंतची त्यांची वाट ही तुमच्या घरातली सर्वांत महत्त्वाची जागा आहे. पैसा, वेळ आणि डोकं आधी तिथे घालू. गॅलरीचं नंतर बघता येईल.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तिन्ही सेन्सर धडधाकट वाटतात. दुकानदार रेंज सांगतो, वॉरंटी सांगतो, पण हातातलं यंत्र कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं ते सांगत नाही. घरात प्रश्न दोन असतात. इथे आत्ता कोणी आलं का? आणि इथे अजून कोणी आहे का? जिना, पॅसेज, व्हरांडा, कोठीची खोली यांना पहिला प्रश्न पुरतो. संडास-बाथरूम, वाचायची खोली, देवघर, जिथे माणूस बराच वेळ स्थिर बसतो, तिथे दुसरा प्रश्न विचारावा लागतो. या दोन प्रश्नांसाठी यंत्रं वेगवेगळी आहेत. पहिल्या जातीचं यंत्र कितीही महाग घेतलं तरी त्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

जिन्यातला तुमचा सेन्सर बहुधा पीआयआर जातीचा आहे. समोर दुधी रंगाचं, खाचाखाचांचं टोपण असेल तर तोच. हा सेन्सर स्वतः काहीही सोडत नाही, फक्त पाहतो. आपल्या अंगातून उष्णतेचे अदृश्य किरण सतत बाहेर पडत असतात आणि त्यांचा जोर ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. सेन्सरच्या आत हे किरण ओळखणारे दोन चिमुकले तुकडे असतात, एकमेकांना उलटे जोडलेले. दोघांवर सारखी उष्णता पडली तर हिशेब शून्य होतो. आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर पडली की विजेचा बारीक संकेत उमटतो आणि दिवा लागतो. ते दुधी टोपण म्हणजे भिंग आहे. ओगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी पायऱ्यापायऱ्यांचं पातळ भिंग तयार केलं, त्याच घडणीचं हे प्लास्टिकमधलं रूप. ते समोरच्या जागेचे पट्टे पाडतं आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या तुकड्यांना ते कळतं. काच वापरत नाहीत, कारण हे किरण साध्या काचेतून जात नाहीत. म्हणून बंद खिडकीच्या आत सेन्सर ठेवून बाहेरचा माणूस पकडता येत नाही. बरेच जण हा प्रयोग करतात आणि सेन्सर परत करतात.

आता मे महिन्याचं कोडं. पीआयआरला माणूस दिसतो तो मागच्या भिंतीपेक्षा कमी-जास्त गरम असतो म्हणून. आपल्या उघड्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश. अमरावतीत मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब नि पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. बंद जिन्यात भिंत ३४-३५ अंशांवर आली की तुम्ही आणि भिंत सेन्सरच्या दृष्टीने एकच. तो आंधळा होतो. भिंत ४० च्या वर तापली तर तुम्ही भिंतीपेक्षा थंड दिसता आणि तो पुन्हा थोडंफार ओळखू लागतो. म्हणूनच उन्हाळ्यात असा सेन्सर दुपारी चालतो, संध्याकाळी चालत नाही, आणि कोणाला ताळमेळ लागत नाही. दिवाळीत हवा गार झाली आणि तुमचा सेन्सर पूर्ववत झाला. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात किती चांगले सेन्सर या कारणाने भंगारात गेले असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग जिन्यात काय करायचं? तोच सेन्सर परत लावा, पण जागा बदला. पीआयआर आडव्या हालचालीला तिखट असतो, थेट अंगावर चालत येणाऱ्याला मंद. जिन्याच्या टोकाला, चढणाऱ्याच्या तोंडासमोर तो लावला असेल तर माणूस त्याच एका पट्ट्यात चालत राहतो आणि अर्धा जिना चढेपर्यंत दिवा लागत नाही. बाजूच्या भिंतीवर, पहिल्या एक-दोन पायऱ्यांना आडवं पाहील असा लावा. पाऊल ठेवताक्षणी दिवा लागेल. जिना वळणाचा असेल तर वर एक, खाली एक असे दोन लागतील. अंतर कमी झालं की उन्हाळ्यातला उणेपणाही बराच भरून निघतो, कारण सेन्सरला थोडा फरकही जवळून मोठा दिसतो. नवीन घ्यायची वेळ आली तर ‘टेंपरेचर कॉम्पेन्सेशन’ आहे का, ते विचारा. अशा सेन्सरमध्ये खोलीचं तापमान अंगाच्या जवळ आलं की आतली संवेदनशीलता आपोआप वाढते. चोर-अलार्मवाल्यांच्या सेन्सरमध्ये हे बहुधा असतं, स्वस्त मालात नसतं.

कूलरच्या झोतासमोर, खिडकीतून येणाऱ्या उन्हासमोर, फ्रिजच्या मागच्या गरम हवेवर तो लावू नका; गरम-गार हवेची लाटही त्याला माणसासारखी भासते. भिंगावरून पाल किंवा कोळी सरकला तरी दिवा लागतो, म्हणून महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने भिंग पुसा आणि कडेची जाळी काढा.

या सेन्सरच्या पाठीवर किंवा तळाशी दोन-तीन फिरकीची बटणं असतात : वेळ, उजेड आणि काहींना अंतर. ‘लक्स’ लिहिलेलं बटण चंद्राच्या खुणेकडे फिरवलं असेल तर सेन्सर अंधार पडेपर्यंत गप्प बसतो. दिवसा तपासताना ते सूर्याच्या खुणेकडे न्या, नाहीतर बिघडला असं वाटून वायरमनला उगाच हेलपाटा पडतो. आणखी एक : लाइट जाऊन आली की पीआयआरला स्थिर व्हायला अर्धा ते एक मिनिट लागतं. तेवढ्यात दिवा आपणहून लागू-विझू शकतो. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे रात्री दचकायला नको.

जिन्याला याहून जास्त काही नको. २३० व्होल्टवर चालणारा, काही शे रुपयांना मिळणारा, मोबाइल-इंटरनेट-ॲप यांच्याशी संबंध नसलेला सेन्सर स्विच. तो घेताना दोन गोष्टी पाहा. तो न्यूट्रल घेणारा, तीन वायरींचा असू द्या. दोन वायरींचे सेन्सर एलईडी दिव्यांना मिणमिणत ठेवतात किंवा लुकलुकवतात. आणि खोक्यावर एलईडीचा वॅटचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, साध्या बल्बपेक्षा बराच कमी. हिशेब त्या आकड्यावर करा. मुलगा पुण्यात आहे. जिन्यातला दिवा बिघडला तर तो नाक्यावरच्या वायरमनला दुरुस्त करता आला पाहिजे, ही माझी पहिली अट आहे.

आता बाथरूम. तिथला दिवा विझतो, कारण बसलेला माणूस पट्टे ओलांडत नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वेळेचं बटण फिरवून विझण्याची वेळ १० मिनिटांवर न्यायची. ७-९ वॅटचा एलईडी दहा मिनिटं जास्त जळला तर बिलात काही कळणारसुद्धा नाही. तुमच्या दोघांसाठी एवढं पुरेल. पण सासूबाईंना आत जास्त वेळ लागत असेल तर दिवा विझणं ही गैरसोय राहत नाही, ते पडण्याचं कारण होतं. अंधारात हात हलवायला वळताना त्यांचा तोल गेला तर?

म्हणून त्यांच्या बाथरूममध्ये दुसऱ्या जातीचा सेन्सर हवा, ज्याला ‘प्रेझेन्स सेन्सर’ किंवा ‘एमएमवेव्ह रडार’ म्हणतात. हा २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतो, परत आलेल्या लहरी ऐकतो आणि श्वासाबरोबर होणारी छातीची हालचालसुद्धा ओळखतो. माणूस निश्चल बसला तरी ‘आहे’ असंच सांगतो. खोलीच्या तापमानाशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून मे महिन्यातही चालतो. सासूबाईंना किरणांची काळजी वाटली तर त्यांना सांगा, की यातून निघणारी शक्ती फोनवर बोलताना मोबाइलमधून निघते त्यापेक्षा खूपच कमी असते.

मग घरभर हेच का लावू नयेत? कारण रडारला पंखा दिसतो. आपल्या घरांत छताला पंखा असतोच, आणि फिरणारी पाती, हलणारा पडदा, वाळत घातलेलं लुगडं हे सगळं त्याला जिवंत वाटतं. परदेशातल्या जाहिरातींमध्ये तो छताच्या मधोमध लावलेला दाखवतात. आपल्याकडे ती जागा पंख्याची. बैठकीच्या खोलीत लावायचाच असेल तर भिंतीवर, दीड ते दोन मीटर उंचीवर, तोंड पंख्यापासून खाली वळवून लावावा लागतो. वर त्याची संवेदनशीलता टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. एलडी२४१० नावाचं स्वस्त मोड्यूल हौशी मंडळींत फार चालतं. त्यात अंतराचे पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे असतात आणि पंखा ज्या टप्प्यात येतो तो बधिर करता येतो. पण त्यासाठी संयम लागतो, आणि ते काम मुलाने तिथे बसून करायचं आहे, फोनवरून सांगून होत नाही. तुमच्या बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन असेल तर सेन्सर त्याच भिंतीवर लावा, म्हणजे तो पंख्याकडे न पाहता विरुद्ध बाजूला पाहील.

रडारची दुसरी खोड अशी, की तो प्लायवूड, प्लास्टिक, पातळ पार्टिशन यांच्या पलीकडे पाहतो. बाथरूमचं दार पीव्हीसीचं असेल तर बाहेर पॅसेजमध्ये उभा असलेला माणूसही त्याला आत वाटेल. पोहोच कमी करून खोलीच्या लांबीपुरती ठेवली की हे थांबतं. हा सेन्सर सेलवर फार दिवस टिकत नाही, त्याला कायमची वीज लागते. बाथरूमबाहेरच्या बोर्डवरून वायरमनकडून पाच व्होल्टचा पुरवठा आत घ्या. २३० व्होल्टचं काहीही पाणी उडेल अशा ठिकाणी नको.

रडार नको वाटला तर एक जुना, चोख मार्ग आहे : दाराला चुंबकाचा डोअर सेन्सर आणि आत साधा पीआयआर. दार बंद झालं आणि त्यानंतर आत एकदा जरी हालचाल दिसली, तर माणूस आत आहे असं धरायचं. दार पुन्हा उघडेपर्यंत दिवा विझवायचाच नाही. दार बंद झाल्यानंतर हालचाल दिसलीच नाही, तर बाहेरून दार लोटलं आहे असं समजून विझवायचा. आपल्याकडे रिकाम्या बाथरूमचं दारही लावून ठेवायची सवय असते, म्हणून ‘त्यानंतर’ हा शब्द महत्त्वाचा. मात्र सासूबाई रात्री दार नुसतं लोटून घेत असतील (या वयात ते योग्यच आहे, आतून कडी लावू नये) तर हा नियम फसेल आणि रडारच घ्यावा लागेल. त्यांना विचारा, मगच खरेदी करा.

गॅलरीतला बल्ब मायक्रोवेव्ह जातीचा असणार. बल्बला कुठेही खाचांचं भिंग नाही, नुसता गुळगुळीत गोळा आहे ना? मग आत ५.८ गिगाहर्ट्झचं छोटं डॉपलर रडार असतं. हलणारी प्रत्येक वस्तू त्याला खुणावते : ट्रक, पावसाच्या सरी, वाऱ्याने डोलणारी कुंडीतली फांदी. बाहेरच्या जागेसाठी ही निवड चुकली, एवढंच. तो बल्ब घरातल्या कोठीच्या खोलीत लावा, चार भिंतींत छान चालेल. गॅलरीसाठी पीआयआर घ्या, त्यावर आयपी६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची खूण) लिहिलेलं पाहा, आणि तोंड रस्त्याकडे न ठेवता खाली जमिनीकडे झुकवा. शेजारच्या मांजरीने त्रास दिला तर भिंगाच्या खालच्या भागावर आतून चिकटपट्टी लावा. खालचे पट्टे झाकले गेले की मांजर सुटते, माणूस सापडतो.

आता मुख्य काम.

सासूबाई मच्छरदाणीत झोपतात का, ते तुम्ही लिहिलं नाही. झोपत असतील असं धरतो. भिंतीवर उंच लावलेल्या पीआयआरला दाटसर मच्छरदाणीच्या आतलं धूसर दिसतं, आणि दिसलंच तर नुसती कूस बदलली तरी दिवा लागून सगळ्यांची झोप मोडते. म्हणून सेन्सर पलंगाच्या खाली, कडेच्या आतल्या बाजूला, पाय जिथे जमिनीला टेकतात तिकडे तोंड करून लावा. पाऊल खाली आलं की दिवा. कूस बदलण्याशी त्याचा संबंध राहत नाही. दिवाही वर छताला नको. पलंगाच्या कडेखाली आणि पॅसेजच्या स्कर्टिंगलगत पिवळसर रंगाची मंद एलईडी पट्टी लावा. झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पांढरा झगझगीत प्रकाश सोसत नाही, आणि खालून आडव्या येणाऱ्या उजेडात उंबऱ्याची सावली पडून तो उठून दिसतो. त्या उंबऱ्याच्या कडेला पांढरी किंवा पिवळी पट्टी चिकटवा. शक्य असेल तर गवंड्याला बोलावून तो उतरता करून घ्या. कोणत्याही सेन्सरपेक्षा त्याचा गुण अधिक येईल.

बाजारात चार्जिंगच्या, चुंबकाने चिकटणाऱ्या सेन्सर पट्ट्या मिळतात. दिसायला सुबक असतात, पण या वाटेवर नकोत. त्यांना चार्ज करायला कोणीतरी विसरणार, आणि नेमकी त्याच रात्री गरज पडणार.

शिवाय पॅसेजमध्ये अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो रात्रभर लागू द्या. रोज दहा तास जळला तर महिन्याला युनिटचा सहावा हिस्साही होत नाही. जुना तंगस्टनचा झिरोचा बल्ब पंधरा वॅटपर्यंत खायचा, म्हणून वडीलधाऱ्यांना तो विझवायची सवय लागली. आता तशी काटकसर करायचं कारण राहिलेलं नाही. सेन्सर कधीतरी चुकेल. तेव्हा हा झिरो तिथे असला पाहिजे.

पलंगाखालच्या या सेन्सरसाठी बिनतारी प्रकार कोणता, हा तुमच्या मुलाचा खरा प्रश्न असेल, म्हणून हा भाग त्याला वाचून दाखवा. सेलवर चालणारा वाय-फाय सेन्सर घेऊ नकोस, बाबा. सेल वाचवण्यासाठी तो झोपलेला असतो. हालचाल दिसली की उठतो, राउटरशी नव्याने जोडला जातो, बऱ्याचदा परदेशातल्या सर्व्हरला निरोप देतो आणि मग दिवा लागतो. दोन-चार सेकंद सहज जातात. तेवढ्यात आजी अंधारात उंबऱ्यापर्यंत पोहोचलेली असते. झिगबीचा सेन्सर घे, म्हणजे वाय-फायऐवजी कमी विजेवर चालणारी वेगळी बिनतारी पद्धत वापरणारा. तो जवळजवळ लगेच निरोप देतो आणि एका सेलवर वर्ष-दोन वर्षं चालतो. त्याला हब लागतो, म्हणजे सेन्सरचे निरोप घेणारी मधली पेटी. हब राउटरपासून निदान मीटरभर दूर ठेव, कारण दोघेही २.४ गिगाहर्ट्झच वापरतात. वर-खाली भिंती जाड असतील तर मध्ये एक झिगबीचा प्लग लाव. कायम विजेवर असलेली उपकरणं संदेश पुढे पोहोचवतात, सेलवरची पोहोचवत नाहीत. काही जुने सेन्सर एकदा हालचाल दिसली की ६० सेकंद काही सांगतच नाहीत, म्हणून दिवा विझण्याची वेळ तीन मिनिटांच्या खाली आणू नकोस.

आणि नियम घरातल्या घरात चालले पाहिजेत. होम असिस्टंट हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर छोट्या संगणकावर घरातच चालतं. पुण्यात बसून त्याची देखभाल करता येते. दुसरा कुठला हब घेतलास तरी एक परीक्षा कर : राउटरची इंटरनेटची वायर काढ आणि पलंगाखाली पाय हलवून बघ. दिवा लागला तर हब ठेव, नाहीतर परत कर. हब, राउटर आणि एलईडी पट्टीचा ॲडॅप्टर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घे. लाइट गेलेल्या रात्री आजी जास्त चाचपडते.

स्मार्ट बल्बच्या मोहात पडू नका, ताई. भिंतीवरचं बटण कोणी सवयीने बंद केलं की बल्बची वीजच जाते आणि सेन्सरने कितीही हाका मारल्या तरी तो लागत नाही. तुमच्या घरात तिघांच्याही बोटांना ती सवय आहे, आणि ती मोडायला सांगणं मला बरोबर वाटत नाही. त्याऐवजी बोर्डच्या आत बसणारा झिगबी रिले (निरोप मिळताच दिवा लावणारा-विझवणारा छोटा स्विच) वायरमनकडून लावून घ्या. बटणाने दिवा लागतो-विझतो आणि सेन्सरनेही लागतो. रिलेला न्यूट्रल लागतो. आपल्या बोर्डवर प्लग पॉइंट असतो तिथे न्यूट्रल आलेला असतोच. काम मेन स्विच बंद करूनच करायला सांगा.

कॅमेऱ्याबद्दल मी पूर्णपणे सासूबाईंच्या बाजूने आहे. निजायच्या खोलीत आणि बाथरूमच्या वाटेवर कॅमेरा नको. ८३ व्या वर्षी माणसाने साडी सावरत उठावं आणि कोणीतरी ते पडद्यावर पाहत असावं, हे काळजीपोटी असलं तरी बरं नाही. मुलाला खरं तर आजीचं चित्र नको आहे, आजी ठीक आहे एवढं कळायला हवं आहे. ते याच सेन्सरमधून कळतं. पलंगाखालच्या सेन्सरला पहाटेपासून सकाळी आठपर्यंत एकदाही हालचाल दिसली नाही तर मुलाच्या आणि तुमच्या फोनवर निरोप. बाथरूममध्ये अर्ध्या तासाहून जास्त वेळ कोणी असेल तर तुमच्या खोलीत घंटी. एवढे दोन नियम पुरेत. रोज कुठे किती वेळा गेल्या, याच्या नोंदी मुलाने साठवू नयेत. तो त्यांचा खासगी हिशेब आहे. काही महाग रडार सेन्सर ‘पडल्याचं ओळखतो’ असं सांगून विकले जातात. त्यावर भरवसा ठेवून बाकीची व्यवस्था ढिली करू नका. हळूहळू घसरत खाली बसलेला माणूस त्याला बसलेलाच वाटू शकतो. पलंगाजवळ आणि बाथरूममध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर बिनतारी डोअरबेलचं बटण चिकटवा, पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल असं.

हे सगळं बसवायच्या आधी सासूबाईंना समोर बसवून दाखवा. सेन्सर हातात द्या. यात कॅमेरा नाही, आवाज ऐकू जात नाही, दिव्यासाठी आहे आणि वेळेवर उठला नाहीत तर आम्हाला कळावं म्हणून आहे, हे त्यांच्याच शब्दांत सांगा. त्यांनी नको म्हटलं तर निरोपाचा भाग वगळा, दिव्याचा ठेवा.

राहिला अमेरिकेचा प्रश्न. मित्राला झेड-वेव्ह (झिगबीसारखीच दुसरी बिनतारी पद्धत) लिहिलेलं काहीही आणू देऊ नका. ते अमेरिकेत ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालतं, भारतासाठी ८६५.२ ठरलेलं आहे. तिकडचा सेन्सर इथल्या हबशी बोलणार नाही आणि तिकडचा हब इथे वापरणं नियमात बसणार नाही. भिंतीत बसणारे स्विच, प्लग, दिवे तिकडे १२० व्होल्टचे असतात. ते इथे जळतील. सेलवरचे झिगबी सेन्सर मात्र खुशाल मागवा, ती २.४ गिगाहर्ट्झची पट्टी दोन्हीकडे सारखीच आहे. फक्त सेल कोणता लागतो ते आधी पाहायला सांगा. एएए असेल तर उत्तम, तुमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळेल. सीआर२४५० सारखा चपटा सेल असेल तर मित्राने येताना चार-सहा जास्तीचे आणावेत, कारण तो आकार अमरावतीत प्रत्येक दुकानात सापडेलच असं नाही. पलंगाखाली एक, पॅसेजमध्ये एक, बाथरूमच्या दाराला डोअर सेन्सर एक, एवढंच सांगा. रडार आणि रिले मुलाने इथूनच घ्यावेत, म्हणजे बिघडले तर बदलून मिळतील. मार्चच्या आत हे सगळं बसवून घ्या, आणि मे महिन्यात जिन्यातला सेन्सर नव्या जागी कसा वागतो ते मला जरूर कळवा.